एक ऱ्हॅप्सडी, दोन उंदीर आणि एक ऑस्कर

१/
१३ मार्च १९४७. लॉस एंजेलिसचे श्राइन ऑडिटोरियम, एकोणिसावा ऑस्कर सोहळा. लघु कार्टूनपटाचे पारितोषिक 'द कॅट कॉन्चेर्टो'ला जाहीर झाले. टॉम पियानो वाजवतो आणि जेरी त्याची मैफल उधळतो, तोच हा चित्रपट. मात्र अवघ्या चार महिन्यांपूर्वी वॉर्नर ब्रदर्सचा बग्ज बनी 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मध्ये तीच रचना, तसाच टेलकोट घालून, तशाच एका उंदराशी झुंजत वाजवून गेला होता. त्याला साधे नामांकनही मिळाले नाही.

२/
तेव्हापासून आजवर ॲनिमेशनच्या इतिहासात हा वाद धगधगत आहे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कल्पना कोणी कोणाची उचलली, हा पहिला. पारितोषिक कोणत्या चित्रपटाला मिळायला हवे होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर लादल्यामुळे दोन्ही चित्रपटांवर अन्याय झाला आहे. हे प्रश्न वेगळे केले, तर निकाल बराच स्पष्ट दिसतो. आणि खरा अन्याय कुठे झाला, तेही दिसते. 🧵

३/
आधी काळ समजून घ्यावा लागतो. १९३० आणि १९४० च्या दशकांत कार्टून हे मुलांचे दूरदर्शनवरचे खाद्य नव्हते. मुख्य चित्रपटाआधी, वार्तापटाच्या जोडीने, सहा-सात मिनिटांचे कार्टून चित्रगृहात दाखवले जाई आणि ते प्रौढ प्रेक्षकही पाहत. प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतःचा किंवा कराराने बांधलेला कार्टून विभाग असे. तिकीट मुख्य चित्रपटाच्या नावावर खपे. त्यामुळे कार्टूनवाल्यांना आपली पत सिद्ध करण्याची एक मोठी संधी उरे, ती म्हणजे ऑस्कर.

४/
कार्टूनपटांसाठीचे ऑस्कर १९३२ पासून सुरू झाले. पहिले पारितोषिक डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' या रंगीत चित्रपटाला मिळाले. त्यानंतर १९३९ पर्यंतच्या प्रत्येक वर्षीचे पारितोषिक डिस्नेकडेच गेले. सलग आठ! ही मक्तेदारी मोडली १९४० सालच्या स्पर्धेत, एमजीएमच्या 'द मिल्की वे'ने. त्याच वर्षी एमजीएमच्या आणखी एका कार्टूनला नामांकन होते : 'पस गेट्स द बूट'. त्यात एक मांजर आणि एक उंदीर होता. पुढे तेच टॉम आणि जेरी झाले.

५/
विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी ही जोडी घडवली. मग विजयांची रांगच लागली. १९४३ चे पारितोषिक 'द यँकी डूडल माउस'ला, १९४४ चे 'माउस ट्रबल'ला, १९४५ चे 'क्वाएट प्लीज!'ला. 'द कॅट कॉन्चेर्टो' जिंकला तेव्हा टॉम-जेरीचा तो सलग चौथा विजय होता. डिस्नेच्या मक्तेदारीची जागा आता एमजीएमच्या मक्तेदारीने घेतली होती.

६/
आणि वॉर्नर ब्रदर्स? बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग अशी लोकप्रिय पात्रे पदरी असूनही १९४६ पर्यंत या विभागाचे एकही कार्टून-ऑस्कर त्यांच्या नावावर नव्हते. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग यांच्या दोन चित्रपटांना १९४१ साठी एकाच वेळी नामांकन मिळाले होते. दोन्ही हरले. त्यांतला एक होता 'ऱ्हॅप्सडी इन रिव्हेट्स'. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे याच नावापाशी परत यायचे आहे.

७/
आता ती रचना. फ्रान्झ लिस्टची 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २'. ती १८४७ मध्ये रचली गेली आणि १८५१ मध्ये प्रकाशित झाली. तिचे दोन भाग आहेत : 'लाशान' म्हणजे संथ, गंभीर भाग आणि 'फ्रिश्का' म्हणजे वेगाने चढत जाणारा भाग. मराठी श्रोत्याला ही चाल परकी वाटू नये. विलंबितात पाया घालायचा आणि द्रुतात सभागृह पेटवायचे, हाच तो क्रम. शिवाय शेवटाकडे वादकाने स्वतःच्या मनाने विस्तार करावा, अशी मोकळी जागाही लिस्टने ठेवली आहे.

८/
कार्टूनवाल्यांना ही रचना का आवडे? एक तर ती इतकी जुनी होती की मानधन किंवा परवानगीचा प्रश्नच नव्हता. दुसरे म्हणजे तिच्या रचनेतच नाट्य आहे : गांभीर्य, मग खोडी, मग धावाधाव. तिसरे कारण खुद्द लिस्ट. तो रंगमंचावरचा पहिला मोठा 'स्टार' वादक. त्याच्या मैफलींत लोकांना चढणाऱ्या उन्मादाला कवी हाइनरिश हाइने याने १८४४ मध्ये 'लिस्टोमेनिया' असे नाव दिले. इतक्या डौलदार माणसाची फजिती पाहण्यात मजा असतेच.

९/
पहिला चित्रपट : 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'. प्रदर्शन ९ नोव्हेंबर १९४६. दिग्दर्शक फ्रेलेंग, कथा टेड पियर्स आणि मायकल माल्टीज यांची, संगीत कार्ल स्टॉलिंग यांचे. पियानो वाजवला होता याकोब गिम्पेल या पोलंडमधून आलेल्या नामवंत मैफलवादकाने. बग्ज मोठ्या रुबाबात मंचावर येतो. श्रोत्यांतला एक जण पुन्हा पुन्हा खोकतो. बग्ज पिस्तूल काढून त्याचा खोकला कायमचा थांबवतो आणि शांतपणे वादनाकडे वळतो.

१०/
मग पियानोतच टेलिफोन वाजतो. कोणीतरी फ्रान्झ लिस्टची चौकशी करतो. ज्याची रचना वाजवतो आहे त्याचे नावही ऐकले नसल्याचे सांगून बग्ज फोन ठेवतो! पुढे पियानोतला एक उंदीर छळू लागतो, मध्येच जॅझच्या अंगाने बूगी-वूगी छेडतो. शेवटी स्वरलिपीचे महाभयंकर पान समोर येते. बग्ज धसका घेतो. पण ते अवघड पान इवल्याशा पियानोवर उंदीरच वाजवून मोकळा होतो. बग्जच्या वाट्याला उरतात फक्त अखेरचे एक-दोन स्वर.

११/
दुसरा चित्रपट : 'द कॅट कॉन्चेर्टो'. दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा, संगीत स्कॉट ब्रॅडली यांचे. टॉम मंचावर येतो, झुकतो, बसतो आणि वाजवू लागतो. जेरी पियानोच्या आत, हातोड्यांवर झोपलेला आहे. वादन सुरू होताच त्याची झोपमोड होते. येथून वैर सुरू. जेरी पट्ट्यांवरचे झाकण टॉमच्या बोटांवर आपटतो, कात्रीने बोटे छाटू पाहतो, दोन पट्ट्यांच्या जागी उंदरांचा सापळा ठेवतो. टॉमची बोटे सापळा चुकवत राहतात आणि शेवटी अडकतात.

१२/
मध्येच जेरी आत हातोड्यांवर नाचून वेगळेच गाणे वाजवतो. ते 'ऑन द ॲचिसन, टोपीका अँड द सांता फे' हे एमजीएमच्याच 'द हार्वे गर्ल्स' चित्रपटातले लोकप्रिय गाणे. योगायोग असा, की त्या रात्री सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्करही याच गाण्याने पटकावले. शेवटी जेरी टॉमला अखेरचा वेगवान भाग पुन्हा पुन्हा वाजवायला लावतो. टॉम घामाघूम होऊन कोसळतो. प्रकाशझोत जेरीवर स्थिरावतो, आणि छोटासा टेलकोट घातलेला जेरी टाळ्या स्वीकारतो.

१३/
साम्य डोळ्यांत भरणारे आहे. तीच रचना. तोच मैफलीचा मंच. पियानोत राहणारा उंदीर. अभिजात रचनेत घुसवलेले हलकेफुलके संगीत. आणि शेवटी वादकाचे श्रेय लुबाडणारा उंदीर. दोन स्टुडिओ, एकच शहर, एकच वर्ष. संशय येणे स्वाभाविक होते. तो दोन्ही बाजूंना आला. वॉर्नरचे लोक एमजीएमकडे बोट दाखवू लागले, एमजीएमचे वॉर्नरकडे.

१४/
यातून काही आख्यायिका जन्मल्या. सर्वांत प्रसिद्ध कथा टेक्निकलर प्रयोगशाळेची. दोन्ही स्टुडिओंची रंगीत प्रत तेथेच तयार होई. तेथून 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'ची प्रत चुकून एमजीएमला गेली आणि एमजीएमने घाईने आपला चित्रपट पुढे रेटला, असे सांगतात. दुसरी कथा अशी, की ॲकॅडमीच्या सदस्यांना 'कॅट कॉन्चेर्टो' आधी दाखवला गेला आणि त्यामुळे नंतर आलेला बग्जच नकलाकार ठरला. कथा रंजक आहेत. पण आरोप सिद्ध मात्र कोणाचाच झालेला नाही.

१५/
एमजीएमने घाई केली, या संशयाला एक तारीख बळ देते. 'द कॅट कॉन्चेर्टो' देशभर प्रदर्शित झाला २६ एप्रिल १९४७ रोजी. म्हणजे ऑस्कर मिळाल्यानंतर सहा आठवड्यांनी! स्पर्धेच्या दृष्टीने चित्रपट त्या वर्षात लॉस एंजेलिसमध्ये दाखवला जाणे महत्त्वाचे असे. देशभरचे वितरण मागून झाले तरी चाले. त्यामुळे हे नियमबाह्य नव्हते. पण पुढच्या वर्षाचा चित्रपट मागच्या वर्षाच्या पंगतीत बसवण्याची निकड दिसते, हे नाकारता येत नाही.

१६/
मात्र घाईने चित्रपट आधी दाखवणे वेगळे आणि चोरून बनवणे वेगळे. असे सात मिनिटांचे कार्टून तयार व्हायला कित्येक महिने लागत. त्यातही संगीतप्रधान कार्टूनमध्ये पियानो आधी ध्वनिमुद्रित होई, त्याच्या मात्रा मोजल्या जात आणि मग एकेक चित्र त्या मात्रांवर बसवले जाई. हजारो चित्रे, त्यांची शाई, त्यांचे रंग. तयार प्रत पाहून काही आठवड्यांत असा चित्रपट उभा राहत नाही. प्रयोगशाळेच्या कथेतून घाई समजते, निर्मिती समजत नाही.

१७/
मग कल्पना आधीच, कागदावर असतानाच, इकडून तिकडे गेली असेल का? अशक्य नाही. हॉलिवूडचे कार्टूनविश्व फार लहान होते. कथाकार, चित्रकार एका स्टुडिओतून दुसऱ्यात सहज जात. खुद्द फ्रेलेंग १९३७ मध्ये वॉर्नरसाठीचे काम सोडून एमजीएममध्ये गेले होते आणि १९३९ मध्ये परतले. त्या काळात विल्यम हॅना तेथेच काम करत होते. ओळखी होत्या, गप्पा होत्या, एकमेकांच्या कामावर बारीक नजर होती.

१८/
पूर्वपीठिका पाहिली तर दोन्ही पक्षांकडे आपापला पुरावा आहे. फ्रेलेंग यांनी १९४१ मध्येच 'ऱ्हॅप्सडी इन रिव्हेट्स' हा संपूर्ण चित्रपट याच ऱ्हॅप्सडीवर बांधला होता. म्हणजे रचना त्यांच्या हातात आधीपासून होती. दुसरीकडे, वादक आणि छोटा उपद्रवी प्राणी यांचे वैर हा तर टॉम-जेरीचा १९४० पासूनचा श्वास. बग्जच्या जगात उंदीर हा पाहुणा. टॉमच्या जगात तो घरचा. संगीत फ्रेलेंगकडचे वाटते, उंदीर हॅना-बार्बेरांकडचा.

१९/
आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९४६ च्या पाच नामांकनांत वॉल्टर लँट्झ यांचा 'म्युझिकल मोमेंट्स फ्रॉम शोपँ' हाही होता. त्यात अँडी पांडा आणि वुडी वुडपेकर पियानोवर शोपँ वाजवतात. म्हणजे एकाच हंगामात तीन स्टुडिओंनी आपले लाडके पात्र पियानोपाशी बसवले होते! मैफलवादकाची फजिती हा विषय तेव्हा हवेतच होता. हवेत असलेल्या गोष्टीवर एकाच माणसाचा सातबारा निघत नाही.

२०/
हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हा पेच सोडवणे सोपे जावे. दोन गवयांनी एकाच रात्री एकच राग, एकच बंदिश मांडली, तर जाणता श्रोता 'चोरी' म्हणत नाही. तो मांडणी ऐकतो. कोणी स्वर कसा लावला, कोणी लय कशी वाढवली, कोणाची समेवरची झेप सहज होती, हे पाहतो. या दोन चित्रपटांचा न्यायही असाच व्हायला हवा. पारितोषिक मालमत्तेचा दावा निकाली काढण्यासाठी नसते. पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते त्यासाठी असते.

२१/
आता मांडणी. पहिली कसोटी : संगीताशी इमान. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मध्ये विनोदासाठी संगीत थांबते. खोकला येतो, वादन थांबते. फोन येतो, वादन थांबते. 'कॅट कॉन्चेर्टो'मध्ये मैफल जवळजवळ अखंड चालते आणि विनोद त्या प्रवाहातच घडवावा लागतो. झाकण आपटले तर ते स्वरावर आपटते, सापळा मिटला तर तो मात्रेवर मिटतो. स्वतःवर घातलेले हे बंधन फार कठोर आहे. ते पाळून हसवणे अधिक अवघड.

२२/
दुसरी कसोटी : हात. टॉमची बोटे ज्या पट्टीवर पडतात, बहुतेक वेळा तोच स्वर कानी येतो. पियानो शिकलेल्या प्रेक्षकांनी या अचूकतेचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मांजराच्या चार बोटांच्या पंजाला माणसाच्या पाच बोटांचे वादन करायला लावायचे, तेही पटेल असे, ही साधी गोष्ट नाही. केनेथ म्यूज, एड बार्ज, अर्व्हन स्पेन्स या ॲनिमेटरांचे हे काम आहे. प्रेक्षक उंदरावर हसत असतानाही टॉम खरोखर वाजवतो आहे, यावरचा त्याचा विश्वास ढळत नाही.

२३/
तिसरी कसोटी : नाट्य. टॉम या चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. पण त्याचा चेहरा पाहावा. अर्धवट मिटलेले डोळे, श्रोत्यांसमोर जपलेला तोरा आणि आत चाललेली तडफड. मैफल मोडू द्यायची नाही आणि उंदरालाही सोडायचे नाही. हातांनी जेरीचा माग काढताना तो पायांनी वाजवतो, पण संगीत सोडत नाही. येथे विनोद नुसत्या खोड्यांतून येत नाही. प्रतिष्ठा टिकवण्याच्या केविलवाण्या धडपडीतून येतो. म्हणूनच शेवटी तो कोसळतो तेव्हा हसता हसता थोडी कीवही येते.

२४/
बग्जच्या बाजूने मोठा युक्तिवाद करता येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' संगीताचा नव्हे, मैफलीच्या ढोंगाचा उपहास आहे. श्रोत्याला गोळी घालणे आणि लिस्टला न ओळखणे हे विनोद सात मिनिटांत अभिजाततेचा सगळा फुगा फोडतात. वादन थांबते ते मुद्दामच, कारण गांभीर्य मोडणे हाच हेतू आहे. त्या धारदारपणापुढे 'कॅट कॉन्चेर्टो' सभ्य वाटतो. शिवाय गिम्पेल यांचे वादन अव्वल दर्जाचे आहे.

२५/
युक्तिवाद खरा, तरी तो निर्णायक नाही. कारण चित्रपटाचा दुसरा अर्धा भाग स्वतःच तो उपहास सोडून देतो. उंदीर आला की बग्ज हा मैफलीची टर उडवणारा उरत नाही. उंदराने बेजार झालेला एक वादक होतो. बग्जची खरी ताकद म्हणजे तो कधी गडबडत नाही, समोरच्याला गडबडवतो. येथे भूमिका उलटी होते आणि पात्र थोडे बेसूर होते. टॉमला ही भूमिका जन्मजात बसते. म्हणून १९४६ चे पारितोषिक 'द कॅट कॉन्चेर्टो'ला गेले, ते योग्यच.

२६/
पण नामांकनाचे काय? त्या वर्षीची इतर नावे अशी : लँट्झ यांचा शोपँ-पट, जॉर्ज पॉल यांचा 'जॉन हेन्री अँड द इंकी-पू', डिस्नेचा 'स्क्वॉटर्स राइट्स' आणि वॉर्नरचा 'वॉकी टॉकी हॉकी'. यांत 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'ला जागा नसावी, हे पटत नाही. दोन्ही ऱ्हॅप्सडी एकाच यादीत असत्या, तर तुलना उघडपणे झाली असती. एक यादीबाहेर राहिली म्हणून तुलनेची जागा कुजबुजीने घेतली. आख्यायिका वाढायला अशीच पोकळी लागते.

२७/
तरी सर्वांत मोठी चूक १९४६ ची नव्हेच. ती १९४१ ची. 'ऱ्हॅप्सडी इन रिव्हेट्स'मध्ये गगनचुंबी इमारत बांधणारे मजूर हेच वाद्यवृंद, मुकादम हाच संचालक, नकाशा हीच स्वरलिपी. हातोडे आणि रिव्हेट लिस्टच्या तालावर पडतात. कल्पना अस्सल आणि पूर्ण निभावलेली. त्या वर्षी जिंकला डिस्नेचा 'लेंड अ पॉ', आणि तो तर डिस्नेच्याच १९३३ सालच्या 'मिकीज पाल प्लूटो'ची रंगीत पुनरावृत्ती होता! फ्रेलेंग यांचा खरा दावा या पारितोषिकावर होता.

२८/
आणि एक अन्याय दोन्ही स्टुडिओंत सारखाच होता. त्या काळी हे ऑस्कर दिग्दर्शकाला मिळत नसे, निर्मात्याला मिळे. टॉम-जेरीच्या विजयांच्या मूर्ती स्वीकारल्या विभागप्रमुख फ्रेड क्विम्बी यांनी. वॉर्नरकडचे विजय एडवर्ड सेल्झर यांच्या नावे लागले. 'पस गेट्स द बूट'च्या श्रेयनामावलीत तर हॅना आणि बार्बेरा यांची नावेच नव्हती. चित्रे काढणारे, मात्रा मोजणारे, विनोद रचणारे हात सभागृहात असोत वा नसोत, मंचावर नव्हते.

२९/
आता 'कॅट कॉन्चेर्टो'चा शेवट पुन्हा आठवावा. सारी मैफल टॉमने वाजवली. तो वाद्यावर कोसळला आहे. प्रकाशझोत सरकतो आणि टेलकोट घातलेला दुसराच कोणी टाळ्यांसाठी झुकतो. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मध्येही तेच : वाजवतो एक, शेवटचा स्वर दुसऱ्याचा. त्या काळच्या कार्टून स्टुडिओंमधल्या श्रेयाच्या वाटपाचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. ते हेतुपुरस्सर काढले होते, असे म्हणण्याची गरज नाही. जुळते, एवढे पुरे.

३०/
पुढचा इतिहास सूडकथेला जागाच देत नाही. १९४७ च्या स्पर्धेत फ्रेलेंग यांच्या 'ट्वीटी पाय'ने टॉम-जेरीला हरवले आणि वॉर्नरला पहिले कार्टून-ऑस्कर मिळवून दिले. १९५२ चे पारितोषिक टॉम-जेरीच्या 'योहान माउस'ला मिळाले. त्यातला पियानो कोणी वाजवला होता? याकोब गिम्पेल यांनी. बग्जसाठी लिस्ट वाजवणारेच हात टॉमसाठी स्ट्राउसची वॉल्ट्झ वाजवत होते. बग्जला स्वतःचे एकमेव ऑस्कर मिळाले ते १९५८ च्या 'नाइटी नाइट बग्ज'साठी. दिग्दर्शक पुन्हा फ्रेलेंगच.

३१/
मालकीची कथा तर आणखी मजेदार. वॉर्नरने १९५६ मध्ये आपल्या जुन्या चित्रपटांचा साठा विकून टाकला. त्यात 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'ही गेला. तो साठा युनायटेड आर्टिस्ट्समार्गे १९८१ मध्ये चक्क एमजीएमकडे आला. १९८६ मध्ये दोन्ही चित्रपट टेड टर्नर यांच्याकडे गेले आणि १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. ज्यांच्या चोरीवरून दोन स्टुडिओ भांडले, ते दोन्ही चित्रपट आज एकाच घरात नांदतात. मालकीचा वाद काळाने असा मिटवला.

३२/
१९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये डिस्नेचा डोनाल्ड डक आणि वॉर्नरचा डॅफी डक समोरासमोर पियानोवर बसतात. वाजवतात काय? तीच ऱ्हॅप्सडी. त्या चित्रपटाच्या ॲनिमेशनसाठी रिचर्ड विल्यम्स यांना विशेष ऑस्कर मिळाले. ते मात्र थेट काम करणाऱ्याच्याच हातात पडले. १९४६ ची मूर्ती टॉमच्या चित्रपटाला मिळाली हे ठीकच झाले. ती ज्यांच्या हातात जायला हवी होती, त्या हॅना, बार्बेरा, ब्रॅडली, म्यूज, बार्ज आणि स्पेन्स यांची नावे लक्षात ठेवणे इतिहासाच्या वाचकाकडे उरते. फ्रेलेंग आणि गिम्पेल यांचीही.